पिंपळाजवळचं वळण आणि माझा खुबा

खुबा मोडलेल्या माणसाले सगळे एकच सांगतात, मन शांत ठेवा. जप करा, जुनी गाणी ऐका, कोणाबद्दल वाईट मनात आणू नका. मी यातलं काहीच केलं नाही. मी पलंगावर पडल्या पडल्या एका माणसाचा सूड घ्यायचं ठरवलं आणि त्याच जोरावर उभी राहिली. डॉक्टर म्हणतात, हाड ऑपरेशननं जुळलं. जुळलं असंल. पण मले उभं केलं ते रागानं, हे मी कोणालेही लिहून द्याले तयार आहे.

ज्यांचा खुबा मोडला आहे, आणि ज्यांले घरादारातून रोज ‘जाऊ दे नं’ ऐकावं लागून राहिलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहून राहिली. बाकीच्यांनी वाचलं तरी चालते.

मी रायपुरात एका शाळेत खेळाची मास्तरीण होती. पोट्टे मले शिट्टीवाली मॅडम म्हणत. रिटायर झाल्यावर शिट्टी ड्रॉवरमध्ये गेली आणि मी तेलीबांध्याच्या तलावाभोवती फेऱ्या माराले लागली. घर जवळच, सकाळची हवा बरी, आणि घरात आमच्या ह्यांच्या रेडिओपासून तेवढीच सुटका. हे म्हणजे माझे यजमान, रेल्वेतून रिटायर. कोणाशी भांडण म्हटलं की हे आधी दुसऱ्या खोलीत जातात.

ज्या दिवशी पडली

तलावाच्या काठानं जो रस्ता आहे तो चालणाऱ्यांचाही आणि सायकलवाल्यांचाही. कधीकाळी मधात पट्टा मारला होता, एका बाजूले सायकल काढली होती, दुसऱ्या बाजूले माणूस. सायकल पुसून गेली, माणूसही पुसून गेला. जुन्या सायकलींचं मले काही वाटत नाही, त्या दुरूनच घंटी वाजवत येतात. पण आता नवीन मंडळी निघाली आहे. टोप, काळा चष्मा, अंगाले चिकटलेले कपडे, आणि सायकलीले घंटी नाही. काहून नाही, तर म्हणे वजन वाढते! पोट आधी कमी करा नं बाप्पा, मग घंटीचं पाहू.

मी डाव्या कडेनं, रेलिंगले लागून चालून राहिली होती. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून काळी धूळ येते म्हणून आमच्याकडच्या बाया तोंडाले स्कार्फ बांधूनच निघतात, नुसते डोळे दिसतात. मीही तशीच होती. जुन्या पिंपळाजवळ रस्ता वळते, तिथं पुढचं काही दिसत नाही. मी वळली आणि मागून असा धक्का बसला की मी थेट फरशीवर. उजवा पाय माझा राहिलाच नाही.

सायकलवालाही पडला होता, पण उठला. उठून त्यानं आधी काय केलं असंल? सायकल उचलली. पुढचं चाक गरगर फिरवून पाहिलं, वाकडं तर नाही झालं म्हणून. मग घसा खाकरला, ‘ह्हं-ह्हं’, आणि म्हणाला, “आंटी, साइड में चलना चाहिए ना!”

साइडमध्ये! मी रेलिंगले घासून चालून राहिली होती. अजून साइडले म्हणजे काय तलावात चालू? पण हे म्हणेपर्यंत तो सायकलवर बसला आणि गेला. मी खाली पडून त्याची पाठ पाहून राहिली होती. तलावावर आलेल्या दोन-चार लोकांनी मले उचललं, ऑटोत टाकलं. टोप आणि काळ्या चष्म्यात त्या माणसाचा चेहरा मले दिसलाच नव्हता. पण ते खाकरणं कुठंतरी ऐकलं आहे, असं ऑटोतही वाटून राहिलं होतं.

‘इस उमर में’

एक्स-रे पाहून तरुण डॉक्टर माझ्याशी नाही, ह्यांच्याशी बोलला. “अंकल, इस उमर में हिप का ऐसा ही होता है. ऑपरेशन करना पड़ेगा, फिर देखते हैं.” फिर देखते हैं! मी तिथंच पडली होती, काही कपाट नव्हती. मी ओरडली, “माझ्याकडे पाहून बोल रे बाबू, पाय माझा आहे!” तो दचकला. नंतर मात्र माझ्याशीच बोलाले लागला.

ओरडली खरी, पण आतून पाणी झालं होतं. आमच्या मोठ्या आत्यानं खुबा मोडल्यावर पलंग धरला तो सोडलाच नाही. मी जन्मभर पोट्ट्यांले पळवलं, आणि आता कुशीवर व्हाले माणूस लागते. भीती वाटली. खूप वाटली. ज्यांले वाटून राहिली असंल त्यांनी लाजू नये.

ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. मग दवाखान्याचा तो दिनक्रम. सकाळी अंग पुसणं, मग चहा, मग इंजेक्शन, मग डॉक्टरांचा घोळका, मग नुसतं छताकडे पाहणं. सगळ्यात वाईट ते बेडपॅन. पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडली. तिथं एक आया होती, छत्तीसगढीच बोलायची. तिनं काही ऐकलं नाही असं दाखवलं, चादर सारखी केली आणि म्हणाली, “झन रो दाई, सब बने हो जाही.” म्हणजे, रडू नको माय, सगळं बरं होईन. तिनं त्या दिवशी माझे केसही धुऊन दिले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. तेवढ्या दुपारपुरतं मी त्या सायकलवाल्याले विसरली.

नारळ

आमच्या इथल्या मराठी मंडळाची एक रीत आहे. कोणी सभासद आजारी पडला की सचिवानं स्वतः जाऊन उशाशी नारळ ठेवायचा आणि चार मोसंब्या द्यायच्या. दवाखान्यात नारळ फोडायचा कुठं हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही. सचिव गेला नाही तर लोक बोलतात, म्हणून तो जातेच.

आमचे सचिव दिलीपभाऊ. माझ्याहून थोडे लहान, केस काळेभोर, म्हणजे रविवारी केलेले. गणपतीत माइकसमोर हेच उभे असतात. तर दिलीपभाऊ आले, खुर्चीवर बसले, आणि बोलायच्या आधी खाकरले.

“ह्हं-ह्हं.”

माझ्या अंगावर काटा आला. अरे, हे खाकरणं! दरवर्षी माइकवरून ऐकते मी हे. पण वाटलं, खाकरणारे काय कमी आहेत गावात. 

“ताई, हे आजकालचे पोट्टे सायकल चालवतात का विमान, समजतच नाही,” ते म्हणाले. “आणि त्या पिंपळाजवळच्या वळणावर तर तसंही काही दिसत नाही नं.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीतून बाहेर पाहून राहिले होते. लोकांनी खोदून विचारू नये म्हणून यांनी सगळ्यांले एकच सांगितलं होतं, तलावावर सायकलीचा धक्का लागून पडली. पिंपळ मी कोणालेच सांगितला नव्हता. मंडळात तर कोणालेही नाही.

दिलीपभाऊ नारळ ठेवाले वाकले. एवढ्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाही वर सरकली आणि कोपराले खपली दिसली, ताजी, फरशीवर घासल्यावर येते तशी. त्यांनी झटकन बाही खाली ओढली.

स्कार्फातली बाई कोण हे त्यांले त्या दिवशी कळलं नसंल. मंडळात बातमी गेल्यावर कळलं, आणि मग पंचाईत झाली. सचिव आहे, जावं तर लागणार. वर हेही पाहायचं होतं की ताईनं ओळखलं का नाही.

मी म्हटलं, “बसा नं दिलीपभाऊ, चहा घेऊन जा.” आणि हसली. ते इतके खूश झाले की दोन बिस्किटंही खाल्ली.

‘आपलाच माणूस आहे’

ते गेल्यावर मी ह्यांले सगळं सांगितलं. हे पहिले तर मानेनात. मग खपलीचं ऐकून मानले. मग म्हणतात कसे, “जाऊ दे नं वं. आपलाच माणूस आहे. मुद्दाम थोडी केलं त्यानं? काहून जीव जाळून राहिली?”

“खुबाही आपलाच होता,” मी म्हटलं.

मुलगी रश्मी नवा रायपूरले नोकरीवर आहे. तिले मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत. ती उसळलीच. “मम्मी, रिपोर्ट लिखवाते हैं. आज ही!”

मी नाही म्हटलं. यांले वाटलं मी माफ केलं. माफ? मले माहीत होतं काय होईन ते. पोलीस बोलावणार, मंडळाचे चार जण मधात पडणार, दिलीपभाऊ शाल आणि नारळ घेऊन येणार, फोटो काढणार, आणि सगळे म्हणणार, ताईंचं मन किती मोठं. मले मोठं मन नको होतं. तो धक्का मारून गेला याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग होता तो चाकाचा. मी खाली पडली होती आणि त्यानं आधी चाक पाहिलं. मले एवढंच पाहिजे होतं की त्याच पिंपळाखाली, मी माझ्या पायावर उभी असताना, त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, तो मी होतो. त्यासाठी आधी मले तिथवर चालत जाणं भाग होतं.

हे काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मीही नाही. पण रोज सकाळी न बोलता माझी वेणी घालून देत. भांग वाकडा, वेणी सैल. मी ती तशीच ठेवत होती.

व्यायाम शिकवाले पूर्णिमा नावाची पोट्टी यायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “मॅडम, आपका टार्गेट क्या है? किचन तक? मंदिर तक?”

“एक आदमी तक,” मी म्हटलं.

ती हसली. तिले वाटलं थट्टा आहे. मग पाय उचलताना मी किंचाळली की ती म्हणायची, “मॅडम, उस आदमी को याद करो.” आणि खरं सांगते, पाय वर जायचा. दुखणं कमी नाही व्हायचं, पण त्याले काहीतरी काम मिळायचं.

सोबत

घरी आल्यावर मंडळाच्या बाया भेटाले आल्या, सोबत दिलीपभाऊही. घर भरलं होतं. हीच वेळ, म्हटलं.

“दिलीपभाऊ, आजारी सभासदाले मंडळानं सोबत करावी, हे मागच्या सभेत तुम्हीच बोलले होते नं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.”

“हाव ताई, मीच.”

“मग डॉक्टरनं मले सकाळी चालाले सांगितलं आहे. ह्यांचे गुडघे दुखतात, रश्मीले ऑफिस. तुम्ही येत जा सोबत. तलावावर.”

बाया लगेच, “वा वा, भाऊ किती सेवाभावी!” ह्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. दिलीपभाऊ खाकरले, पुन्हा खाकरले, आणि म्हणाले, “काहून नाही ताई, येतो नं.”

आधी काही दिवस वॉकर घेऊन फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग तलाव. मी ड्रॉवरमधून शिट्टी काढून गळ्यात घातली. दिलीपभाऊंच्या हातात माझी पाण्याची बाटली, खांद्यावर माझा नॅपकिन. त्यांले मी मुद्दाम उजव्या हाताले ठेवायची, जिकडून सायकली जातात. “तुम्ही असले की मले भीती वाटत नाही,” असं म्हणायची. गोड बोलणं मले जन्मात जमलं नव्हतं, तेव्हा जमलं.

त्यांची सायकलवाली मंडळी बाजूनं सुईकन जायची. “अरे दिलीप भैया, आज भी पैदल?” दिलीपभाऊ बाटली पाठीमागे लपवायचे. मी म्हणायची, “बाटली समोर धरा भाऊ, मले लागते.”

आणि रोज मी त्यांले एक गोष्ट सांगायची. एक दिवस बेडपॅनची. एक दिवस स्क्रू हाडात कसे फिरवतात त्याची. एक दिवस मोठ्या आत्याची, ती पलंगावर पडून घरच्यांले कशी हाका मारायची. ते नुसते “हो, हो” करायचे. घाम यायचा. कधी म्हणायचे, “ताई, आज बोलू नका, दम लागेन.” मी म्हणायची, “नाही हो, बोललं की बरं वाटते.” आणि खरंच बरं वाटायचं. हे मी लपवत नाही. लोक म्हणतात सूडानं माणूस आतून जळते. माझी तर भूक वाढली होती.

मंडळाच्या बाया तिथंच तिघी-तिघी हात धरून, अख्खा रस्ता अडवून चालतात. त्यांच्यावरही मी शिट्टी मारली. “एका रांगेत! डाव्या बाजूनं! कानातले इअरफोन काढा, मागून कोण येते ते ऐकू येऊ द्या!” सायकलवाल्यांवर तर मारायचीच. “घंटी लगाओ! मोड़ पे धीरे! आगे निकलना है तो बोल के निकलो!” काही थांबायचे, काही हसून जायचे. एका म्हाताऱ्यानं तर दुसऱ्या दिवशी घंटी बसवून आणली आणि मले वाजवून दाखवली.

पण पिंपळाच्या अलीकडे एक बाक आहे, तिथून मी परत फिरायची. रोज. पुढं पाऊल टाकायचं म्हटलं की पाठीतून गार जायचं, कान मागं लागायचे, हात वॉकरवर घट्ट व्हायचे. मी म्हणायची, “आज इथंच पुरे.” दिलीपभाऊही लगेच म्हणायचे, “हाव ताई, पुरे आज.” त्यांलेही तिथं जायचं नव्हतं. असे आम्ही दोघंही त्या बाकाले हात लावून वापस यायचो, आणि मले त्याचीच चीड यायची. वॉकर सुटला, काठी आली, तरी बाकाच्या पुढं काही जाणं होईना.

वळण

मग एका सकाळी घरून निघताना हे फाटकाशी आले. कित्येक दिवसांनी स्वतःहून बोलले. म्हणाले, “आज पुढं जा. नाही तर तो माणूस जन्मभर बाटली धरन.” मले हसू आलं. म्हणजे हे सगळं पाहून राहिले होते तर.

बाक आला. मी थांबली नाही. दिलीपभाऊ म्हणाले, “ताई, पुरे नं आज?”

“नाही,” मी म्हटलं. काठी पुढं टाकली, मग उजवा पाय, मग डावा. खुब्यात कळ आली. मी रेलिंग धरलं. तशीच पिंपळाच्या सावलीत आली. दिलीपभाऊ माझ्या उजव्या हाताले, रस्त्याच्या बाजूनं, बाटली छातीशी धरून.

आणि मागून आला एक. घंटी नाही, आवाज नाही. वळणावरच सुसाट. त्याचं हँडल दिलीपभाऊंच्या कोपराले घासून गेलं. बाटली उडाली. दिलीपभाऊ “आई गं!” करून रेलिंगवर आदळले आणि तिथंच बसले. तो पोट्टा मागं न पाहता ओरडला, “अंकल, साइड में चलो ना!”

मी शिट्टी मारली. अशी मारली की तलावावरचे बगळे उडाले. पोट्टा तेवढ्यानं थांबला, एक पाय खाली टेकवून. मी काठी उचलून म्हटलं, “उतर! चालत घेऊन जा सायकल वळणाच्या पलीकडे!” काय वाटलं त्याले कोण जाणे, उतरला आणि खरंच चालत गेला.

मी वळून पाहिलं. दिलीपभाऊ खाली बसून कोपर धरून होते. चेहरा पांढरा.  मी हात दिला नाही. मी माझ्या दोन पायांवर त्यांच्या समोर उभी होती, त्याच फरशीवर.

 या वेळी ते खाकरले नाहीत. तसेच बोलले.

“ताई, तो मी होतो.”

“कोण?”

“त्या दिवशी. सायकलवर. तुम्ही आहात हे मले माहीत नव्हतं, तोंडाले स्कार्फ होता. पण थांबलो नाही, हे खरं आहे. चाक पाहिलं आणि गेलो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “कोणी असतं तरी थांबाले पाहिजे होतं.”

हेच पाहिजे होतं मले. पलंगावर पडून हेच ऐकायचं ठरवलं होतं. ऐकलं. वाटलं होतं रडू येईन. नाही आलं. छान वाटलं, आणि भूक लागली.

“माहीत आहे,” मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. “माहीत आहे? कधीपासून?”

“तुम्ही नारळ घेऊन आले नं, तेव्हापासून.”

 इतक्या दिवसांच्या त्या सगळ्या गोष्टी, ते बेडपॅन, ते स्क्रू, ती आत्या, सगळं एकेक करून त्यांच्या तोंडावर येताना मले दिसलं. मी ते नीट पाहून घेतलं. मग त्यांनी हात जोडले. “आता झालं नं ताई? आता तरी मन मोकळं झालं नं?”

मी काठीनं ती पडलेली बाटली त्यांच्याकडे सरकवली.

“उचला,” मी म्हटलं. “अर्धाच तलाव झाला आहे. आणि उद्या वेळेवर या.”